रेपो तसाच, मग एवढा पैसा मोकळा झाला कुठून?

पत्र : मी एम. ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. बी. ए. मराठी माध्यमातून झालं. या सत्राला ‘मौद्रिक अर्थशास्त्र’ हा पेपर आहे. पैशाचा पुरवठा, गुणक, केन्स, फ्रीडमन सगळं पाठ केलं, पण बातमी वाचली की काहीच जुळत नाही. सरांनी वर्गात डिसेंबर २०२४ ची बातमी वाचून दाखवली : रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना अल्पमुदतीचं कर्ज देते तो दर) ६.५० टक्क्यांवर कायम, पण सीआरआर (ठेवींचा जो हिस्सा बँकांना रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो तो) अर्ध्या टक्क्याने कमी, त्यामुळे बँकांकडे १.१६ लाख कोटी रुपये मोकळे. मग धोरण सैल झालं की नाही, असं त्यांनी विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही. माझं गणित बारावीनंतर सुटलं आहे. त्यात दोन महिन्यांत लघुप्रबंध द्यायचा आहे. विषय घेतलाय ‘रेपो दराचा महागाईवर परिणाम’. हा पेपर मला झेपेल का? सुरुवात कुठून करू? (नाव दिलेले नाही, नांदेड)

उत्तर :

झेपेल. मात्र आत्ता ज्या क्रमाने वाचताय त्या क्रमाने वाचत राहिलात तर पाठ होत राहील आणि समजणार नाही.

सरांचा प्रश्न वर्गाला सुटला नाही, यात दोष अभ्यासक्रमाच्या मांडणीचा आहे. पहिल्या दोन घटकांत तुम्ही शिकता की मध्यवर्ती बँक पैशाचा साठा ठरवते, लोकांची पैशाची मागणी आपल्या जागी असते आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे व्याजदर ठरतो. बातमीत नेमकं उलटं असतं. तिथे बँक दर ठरवते आणि त्या दराला लागेल तेवढा पैसा पुरवते किंवा काढून घेते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बांधता येत नाहीत. बाजार समितीत कांद्याचा भाव बांधून दिला, तर त्या भावाला येईल तेवढा माल घ्यावा लागतो. माल मोजूनच घ्यायचा ठरवला, तर भाव हातात राहत नाही. पैशाचंही तसंच आहे. म्हणून पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने एक प्रश्न लिहा : इथे दर बांधलाय की साठा? निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

आता ती बातमी. त्या दिवशी दोन वेगवेगळे निर्णय जाहीर झाले होते. रेपो दर पतधोरण समिती (एमपीसी) ठरवते. समिती सहा जणांची असते, रिझर्व्ह बँकेचे तीन आणि सरकारने नेमलेले तीन, मतं समान पडली तर गव्हर्नरांचं निर्णायक मत. त्या बैठकीत चार विरुद्ध दोन मतांनी दर ६.५० वर राहिला. सीआरआर हा समितीचा विषयच नाही. तो रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ४२ खाली बँकेचा स्वतःचा अधिकार आहे. दोन्ही घोषणा एकाच भाषणात होतात म्हणून विद्यार्थी त्यांना एकच समजतात, आणि परीक्षेत ‘एमपीसीने सीआरआर कमी केला’ असं लिहून गुण घालवतात.

मग सीआरआर का कमी केला? रिझर्व्ह बँकेचं दैनंदिन लक्ष्य असतं बँका एकमेकींना एका रात्रीसाठी पैसे देतात त्या दराचं, म्हणजे भारित सरासरी कॉल दराचं. तो रेपोच्या आसपास राहायला हवा. तेव्हा खालची मर्यादा, म्हणजे एसडीएफचा दर (बँका जादा पैसा रिझर्व्ह बँकेकडे ठेवतात त्यावर मिळणारा), ६.२५ होती आणि वरची, म्हणजे एमएसएफचा दर (अडचणीच्या वेळी बँका तिच्याकडून एका रात्रीसाठी उचलतात तो), ६.७५. डिसेंबरच्या मध्यावर आगाऊ करापोटी पैसा सरकारी खात्यात जातो, रुपया सावरायला रिझर्व्ह बँक डॉलर विकत होती त्यातही रुपये ओढले जात होते, आणि लोकांच्या हातातल्या नोटा वाढल्या की तेवढी रक्कम बँकांच्या शिलकीतून जाते. काहीच केलं नसतं तर कॉल दर वरच्या मर्यादेकडे सरकला असता, म्हणजे रेपोला हात न लावता धोरण आपोआप कडक झालं असतं. ते टाळायला पैसा सोडला. रात्रीपुरता किंवा पंधरवड्यापुरता द्यायचा तर रेपो लिलाव असतात. तो पैसा परत करावा लागतो. सीआरआर कपातीतला पैसा मात्र बँकांकडेच राहतो, शिवाय सीआरआरच्या शिलकीवर रिझर्व्ह बँक व्याज देत नाही, म्हणून बँकांचा खर्चही थोडा हलका होतो.

तेव्हा सरांना उत्तर असं द्या : दराच्या बाजूने धोरण होतं तिथेच होतं, प्रमाणाच्या बाजूने टिकाऊ रोखता सोडली, आणि ती सोडली ठरवलेला दर टिकावा म्हणून. दर खऱ्या अर्थाने खाली आला फेब्रुवारी २०२५ मध्ये, ६.५० वरून ६.२५.

हे डोक्यात बसायला ताळेबंद काढायची सवय हवी. एक जुनी वही घ्या, पानाचे दोन भाग करा. डावीकडे रिझर्व्ह बँक, उजवीकडे ‘सर्व बँका मिळून’. दोन्हींत येणी आणि देणी. रिझर्व्ह बँकेची मुख्य देणी तीन : चलनातल्या नोटा, बँकांची तिच्याकडची शिल्लक, सरकारची शिल्लक. येणी : परकीय चलन आणि सोनं, सरकारी रोखे, बँकांना दिलेलं कर्ज. आता प्रत्येक व्यवहार शंभर कोटींचा धरून लिहा, आणि प्रत्येकाखाली एम० (चलनातल्या नोटा अधिक बँकांची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक) आणि एम३ (लोकांकडची रोख अधिक बँकांतल्या ठेवी) किती बदलले ते लिहा.

रिझर्व्ह बँकेने बँकेकडून रोखे घेतले. तिची येणी शंभरने वाढली, बँकांची तिच्याकडची शिल्लक शंभरने वाढली. एम० शंभरने वाढला. एम३? काहीच नाही, कारण लोकांच्या ठेवींना अजून कोणी हात लावलेला नाही. तेच रोखे एखाद्या विमा कंपनीकडून घेतले तर कंपनीच्या बँकखात्यात शंभर जमा होतात आणि एम० व एम३ दोन्ही त्याच क्षणी वाढतात. एकच व्यवहार, विकणारा बदलला की उत्तर बदलतं. परीक्षक हे विचारतात.

दिवाळीच्या आठवड्यात लोकांनी शंभर कोटींच्या नोटा काढल्या. बँकांची शिल्लक शंभरने घटली, नोटा शंभरने वाढल्या. एम० तोच, एम३ तोच, पण बँकांच्या हातातला पैसा कमी झाला. ‘सणासुदीत रोखतेची चणचण’ ही बातमी म्हणजे हे पान.

पंधरा मार्चला आगाऊ कर भरला. लोकांच्या ठेवी शंभरने घटल्या, बँकांची शिल्लक घटली, सरकारची शिल्लक वाढली. सरकारची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक एम० मध्ये धरत नाहीत, एम३ मध्येही नाही, म्हणून दोन्ही शंभरने घसरतात आणि सरकारने खर्च केला की परत येतात. इथे बहुतेक जण चुकतात. ‘पैसा कुठे गेला नाही, सरकारकडेच आहे’ असं म्हणून बदल शून्य लिहितात. पैसा आहे, मोजणीच्या बाहेर गेलाय.

पाचवं पान सगळ्यात महत्त्वाचं. बँकेने एखाद्याला दहा लाखांचं कर्ज दिलं. बँकेची येणी दहा लाखांनी वाढली, आणि त्याच्या खात्यात दहा लाख जमा झाले म्हणून देणीही वाढली. ठेव कुठून आली? कर्जातून. तीन टक्के सीआरआर धरला तर यासाठी तीस हजारांची राखीव शिल्लक लागेल, तीही मागच्या पंधरवड्यांतल्या ठेवींच्या हिशेबावर, म्हणजे नंतर. ‘आधी ठेव, मग त्यातून कर्ज’ हा क्रम प्रत्यक्षात असा उलटा चालतो. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ च्या पहिल्या तिमाहीच्या पत्रिकेत हे स्पष्ट मांडलं. तो लेख बी. ए. झालेल्या विद्यार्थ्याला सहज वाचता येतो, समीकरण जवळपास नाहीच. जरूर वाचा.

मग गुणक खोटा का? खोटा नाही, एम३ भागिले एम० असं गुणोत्तर आहे. तेच पैसा वाढण्याचं कारण आहे असं समजून वापरला की फसवतो. सूत्र आठवा : वर एक अधिक रोख-ठेव प्रमाण, खाली रोख-ठेव प्रमाण अधिक राखीव प्रमाण. ठेवी १००, लोकांकडे रोख १६, राखीव ४ धरा. एम३ झाला ११६, एम० झाला २०, गुणक ५.८. सीआरआर एकने कमी करा : ११६ भागिले १९, म्हणजे ६.१. आता सीआरआर परत ४ ठेवा आणि लोकांनी रोख १६ ऐवजी १८ ठेवली असं धरा : ११८ भागिले २२, ५.३६. रिझर्व्ह बँकेने पूर्ण एक टक्का सीआरआर हलवून जेवढं कमावलं, त्याहून जास्त लोकांच्या खिशातल्या दोन रुपयांनी घालवलं. हे आकडे स्वतः एकदा करा, मग ‘गुणकाच्या मर्यादा’ या प्रश्नाला पाठांतर लागत नाही.

आणि उदाहरण म्हणून नोटाबंदी लिहा, कारण तिथे गुणक सगळ्यांसमोर फसला. ८ नोव्हेंबर २०१६ ला मूल्याने ८६ टक्के नोटा बाद झाल्या. लोकांनी नोटा भरल्या, म्हणजे रोख घटली आणि ठेवी तेवढ्याच वाढल्या. एम३ जिथल्या तिथे. बँकांकडे शिल्लक तुंबली. ती शोषायला रिझर्व्ह बँकेने २६ नोव्हेंबरला वाढीव ठेवींवर १०० टक्के सीआरआर लावला, डिसेंबरमध्ये काढला, आणि बाजार स्थिरीकरण योजनेची (सरकारी रोखे विकून जादा पैसा शोषायची योजना) मर्यादा सहा लाख कोटींपर्यंत नेली. रिव्हर्स रेपोत (बँका रिझर्व्ह बँकेला अल्पमुदतीने पैसे देतात तो व्यवहार) किंवा त्या योजनेत गेलेला पैसा एम० मध्ये मोजत नाहीत. एम० आटला, एम३ टिकला, गुणक फुगला. गुणक वाढला म्हणून पैसा वाढला, असं सूत्र पाठ केलेल्याला वाटेल. झालं होतं एवढंच की भाजक लहान झाला.

गणिताचं भय बाळगू नका, या पेपराला लागतं ते तीन आठवड्यांचं आहे : दोन चलांचं अवकलन, लॉगॅरिदम, आणि पहिल्या कोटीचं अंतर-समीकरण. रोज एक तास, बारावीच्या पुस्तकातून. पण गणित वेगळं शिकून मग अर्थशास्त्राकडे येऊ नका, एकेक प्रतिमान घेऊन त्याला लागेल तेवढंच शिका. पहिलं घ्या बॉमोलचं, १९५२ चं, हातात किती रोख ठेवावी हे सांगणारं. महिन्याचा खर्च ३०,००० रुपये. बँकेत एकदा जाऊन यायला २० रुपये पडतात. पैसे खात्यात राहिले असते तर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळालं असतं. एका वेळी किती काढावेत? फेऱ्यांचा खर्च अधिक बुडालेलं व्याज, हे कमीत कमी करायचं. काढायच्या रकमेच्या संदर्भात अवकलन करून शून्याशी बरोबरी केली की उत्तर येतं : दोन गुणिले फेरीचा खर्च गुणिले महिन्याचा खर्च, भागिले व्याजदर, याचं वर्गमूळ. आकडे घाला : साधारण १५,४९२ रुपये, म्हणजे महिन्यात जेमतेम दोन फेऱ्या.

इथली नेहमीची चूक म्हणजे खर्च महिन्याचा आणि व्याज वर्षाचं, सहा टक्के, घालणं. मग उत्तर ४,४७२ येतं आणि दिसायला ते चुकीचं वाटतही नाही. खर्चाचा काळ आणि व्याजाचा काळ एकच हवा. आता फेरीचा खर्च २० वरून ५ करा, घराशेजारी एटीएम आलं असं समजा. खर्च चौथाई झाला, काढायची रक्कम निम्मी झाली, ७,७४६. उत्पन्नाची लवचिकता अर्धा, व्याजाची वजा अर्धा, हे पाठ करायची गरज उरली का? तंत्रज्ञान बदललं की पैशाची मागणी कशी सरकते तेही याच वर्गमुळात दिसतं, आणि पुढच्या प्रकरणाला त्याचीच गरज आहे.

पुढचं प्रकरण म्हणजे विल्यम पूल, १९७०. आमच्या मते या पेपरातलं सगळ्यात कामाचं पान हेच, आणि वर्गात ते सत्र संपता संपता घाईत उरकलं जातं. पूल विचारतो : दर बांधावा की साठा? उत्तर धक्का कुठून येतो त्यावर आहे. धक्का वस्तूंच्या बाजारातून, गुंतवणुकीतून किंवा सरकारी खर्चातून येत असेल तर साठा बांधलेला बरा, कारण मागणी उसळली की दर आपोआप चढतो आणि उसळी दबते. धक्का पैशाच्या मागणीतून येत असेल, लोकांनी एकदम रोख धरली किंवा सोडली, तर दर बांधलेला बरा, कारण तेवढा पैसा पुरवला की खऱ्या अर्थव्यवस्थेला झळ लागत नाही. परीक्षेत दोन वेगळ्या आकृत्या काढा, प्रत्येकीत एकच वक्र हलवा, आणि दर बांधला असेल तिथे एलएम (पैशाच्या बाजाराची) रेषा आडवी काढा. एकाच आकृतीत आयएस (वस्तूंच्या बाजाराची रेषा) आणि एलएम दोन्ही सरकवणारे विद्यार्थी शेवटी स्वतःच हरवतात.

आता भारताचा इतिहास या चष्म्यातून वाचा. चक्रवर्ती समितीच्या १९८५ च्या अहवालानंतर साठ्याकडे, एम३ च्या वाढीकडे बघून धोरण चाललं. बँकांची आणि बाजाराची रचना बदलली, पैशाची मागणी भरवशाची राहिली नाही. एप्रिल १९९८ पासून अनेक निर्देशक बघायला सुरुवात झाली, जून २००० मध्ये एलएएफ (रेपो आणि रिव्हर्स रेपोतून बँकांना पैसा देण्या-घेण्याची सोय) आलं, आणि २०१६ च्या कायदादुरुस्तीने महागाईचं लक्ष्य आलं : ४ टक्के, दोन्हीकडे २ टक्क्यांची सवलत. पहिली बैठक ऑक्टोबर २०१६. चार टप्पे चार वेगळ्या गोष्टी म्हणून घोकू नका. साठ्याकडून दराकडे झालेला तो एकच प्रवास आहे आणि त्याचं कारण पूलच्या दुसऱ्या आकृतीत आहे.

थोडं शब्दांविषयी, कारण मराठीतून उत्तरं लिहिणार असाल तर हे लागेल. ‘चलनवाढ’ या शब्दात एक सिद्धांत आधीच घुसलाय : भाव वाढतात ते चलन वाढल्यामुळे. फिशर किंवा फ्रीडमनवर लिहिताना तो चालेल, पण जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर नेली त्याला चलनवाढ म्हटलंत तर उत्तर विधानातच गृहीत धरलंत. तिथे ‘भाववाढ’ किंवा ‘महागाई’ लिहा. ‘पतधोरण’ हा शब्दही जुन्या काळाची खूण आहे. रिझर्व्ह बँक हंगामाच्या आणि मंदीच्या मोसमासाठी वेगवेगळं कर्जपुरवठ्याचं धोरण जाहीर करायची, तेव्हाचा. वर्तमानपत्रांनी ठेवला, आपणही ठेवू, फक्त तो ‘पत’ या शब्दाला धरून कर्जावरच निबंध लिहू नका.

त्या टोमॅटोचं पुढे काय झालं तेही वहीत ठेवा. ऑगस्टमध्ये ६.८३, सप्टेंबरमध्ये ५.०२. रेपो या सगळ्या काळात ६.५० वरच. दर वाढवून नारायणगावच्या बाजारात टोमॅटो वाढत नाहीत, आणि आजच्या दरबदलाचा परिणाम यायला काही तिमाही लागतात. तोवर नवं पीक येतं. अन्न व पेये गटाचं २०१२ आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात ४५.८६ टक्के वजन होतं, म्हणून भारतात हा पेच दरवर्षी येतो. मात्र २०२२ मध्ये जानेवारी ते सप्टेंबर सलग तीन तिमाह्या सरासरी ६ टक्क्यांच्या वर राहिली, तेव्हा ते कायद्याने ‘अपयश’ ठरलं आणि रिझर्व्ह बँकेला सरकारला कारणं लिहून द्यावी लागली. टोमॅटोच्या वेळी दर का हलवला नाही आणि २०२२ मध्ये ४ वरून उचलून फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० का केला, हे पानभर लिहून बघा. टेलरचा नियम त्याच पानावर येईल.

टेलर, १९९३. धोरण दर किती असावा हे सांगणारं सूत्र : समतोल वास्तव दर (महागाई वजा केलेला), अधिक महागाई, अधिक महागाईच्या लक्ष्यापासूनच्या तफावतीचा अर्धा, अधिक उत्पादनातल्या तफावतीचा (प्रत्यक्ष आणि शक्य उत्पादनातला फरक) अर्धा. वास्तव दर दीड, लक्ष्य ४, महागाई ६, उत्पादनतफावत शून्य धरली तर दर ८.५ येतो. महागाई ४ असती तर ५.५. महागाई दोनने वाढली, दर तीनने वाढला, वास्तव दर एकने चढला. सगळं मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. महागाई दोनने वाढली आणि दर दीडनेच वाढवला, तर ‘दर वाढवला’ असं म्हणत आपण प्रत्यक्षात धोरण सैल केलं. सूत्रात महागाई दोनदा येते म्हणून विद्यार्थी एक वगळतात आणि नेमका हाच मुद्दा गमावतात. वास्तव दर आणि उत्पादनतफावत मोजलेल्या नसतात, अंदाजलेल्या असतात, म्हणून ‘टेलरनुसार रेपो इतका हवा होता’ असं ठाम विधान करू नका.

बॅरो-गॉर्डनच्या १९८३ च्या प्रतिमानात (मध्यवर्ती बँकेचा कल जास्त महागाईकडे का झुकतो हे ते सांगतं) एकच धोका आहे : लोकांची अपेक्षा आधी बांधली जाते, बँक नंतर चाल करते. अवकलन करताना अपेक्षित महागाई स्थिर धरा, अवकलन झाल्यावरच ती प्रत्यक्ष महागाईएवढी ठेवा. आधीच समान ठेवलीत तर महागाईचा कल येतच नाही आणि सगळं प्रतिमान गायब होतं.

इंग्रजी वाचनाला फ्रीडमनचं अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचं अध्यक्षीय भाषण घ्या, १९६८ मध्ये छापलेलं, सतरा पानं. आधी पतधोरण काय करू शकत नाही, मग काय करू शकतं. रोज दोन पानं, प्रत्येक परिच्छेदाचं मराठीत एक वाक्य. त्यानंतर डॉ. आंबेडकरांचा १९२३ चा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या सहाव्या खंडात तो आहे. सगळा वाचायला सत्र पुरणार नाही, प्रस्तावना आणि सुवर्ण विनिमय परिमाणावरची प्रकरणं पुरेत. केन्सने १९१३ मध्ये ज्या पद्धतीची पाठराखण केली तिच्यावर हा थेट हल्ला आहे, आणि मुद्दा असा की रुपयाची सर्वसाधारण क्रयशक्ती स्थिर केल्याशिवाय रुपया स्थिर होणार नाही. सोन्याशी किंवा पौंडाशी दर बांधून भागणार नाही. हे वाचून मग २०१६ च्या ४ टक्क्यांच्या लक्ष्याकडे बघा.

आठवड्याला एवढं ठेवा : शुक्रवारी रिझर्व्ह बँकेची साप्ताहिक सांख्यिकी पुरवणी उघडून तिचा ताळेबंद मागच्या आठवड्याशी ताडा आणि जो आकडा सगळ्यात जास्त हलला त्याचं वहीत एक पान करा. बैठकीच्या दिवशी ठराव वाचा, चौदाव्या दिवशी इतिवृत्त येतं ते वाचा. इतिवृत्तात प्रत्येक सदस्याचं स्वतंत्र निवेदन असतं. विरोधी मत देणाऱ्याचं आधी वाचा, युक्तिवाद तिथे उघड असतो.

आता लघुप्रबंध. हा विषय बदला, आणि आजच बदला. रेपो आणि महागाईचे मासिक आकडे घेऊन प्रतिगमन (रिग्रेशन) केलंत तर बहुधा सहगुणक धन येईल, म्हणजे दर वाढवल्याने महागाई वाढते असा निष्कर्ष. तुमची आकडेमोड चुकलेली नसेल. रिझर्व्ह बँक महागाई वाढणार असं दिसलं की दर वाढवते, म्हणून दोन्ही एकत्र चढतात. छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस आला, असं म्हणण्यासारखं. अर्थतज्ज्ञ सिम्सने १९९२ मध्ये अनेक देशांच्या आकड्यांत हे कोडं दाखवलं. ते सोडवायची साधनं एम. ए. च्या दोन महिन्यांत येत नाहीत.

त्याऐवजी रेपोतला बदल कर्जाच्या दरांत किती आणि किती दिवसांनी उतरतो हे घ्या. भारताने यासाठी जणू प्रयोगच करून ठेवलाय. फेब्रुवारी २०१९ ते मे २०२० रेपो ६.५० वरून ४.०० वर आला, अडीच टक्के. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ तोच ४.०० वरून ६.५० वर गेला, अडीच टक्के. उतार आणि चढ सारखाच, आणि मध्ये १ ऑक्टोबर २०१९ पासून नव्या तरत्या दराच्या किरकोळ आणि सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कर्जांना बाह्य मानदंडाशी (रेपोसारख्या, बँकेबाहेर ठरणाऱ्या दराशी) जोडणं बँकांना बंधनकारक झालं. हे उतरणं, म्हणजे हस्तांतरण, चढताना जास्त झालं का, एवढाच प्रश्न. त्याला प्रतिगमनही लागत नाही.

डीबीआयई या रिझर्व्ह बँकेच्या माहितीसंचातून जानेवारी २०१९ ते डिसेंबर २०२४ असे ७२ महिने घ्या. स्तंभ पाच : रेपो, भारित सरासरी कॉल दर, नव्या कर्जांचा भारित सरासरी दर, जुन्या, अजून फिटायच्या असलेल्या कर्जांचा तसाच दर, मुदत ठेवींचा दर. नवी आणि जुनी कर्जं कधीही एका स्तंभात मिसळू नका. नवी लवकर हलतात, जुनी रेंगाळतात, आणि सगळी गंमत त्या फरकात आहे. खाजगी आणि सार्वजनिक बँका वेगळ्या करता आल्या तर आणखी बरं. रेपो महिन्याच्या मध्येच बदलतो, जसा ४ मे २०२२ ला बदलला, म्हणून महिनाअखेरचा घ्यायचा की दिवसांची सरासरी, हे एकदा ठरवून पद्धतीच्या प्रकरणात लिहा.

सापळा एक मोठा आहे. कोविडनंतर बँकांकडे पैसा इतका तुंबला होता की कॉल दर रेपोच्या खाली, रिव्हर्स रेपोच्या ३.३५ टक्क्यांजवळ उतरला होता. एप्रिल २०२२ मध्ये ३.७५ दराने एसडीएफ आलं, तेव्हा रेपोला हात न लावता खालची मर्यादा ४० आधारबिंदूंनी (शंभर आधारबिंदू म्हणजे एक टक्का) वर गेली. पुढे ती ६.२५ झाली. म्हणजे रेपो २५० आधारबिंदूंनी वाढला, पण ज्या तळावर बाजार प्रत्यक्ष बसला होता तो ३.३५ वरून ६.२५, म्हणजे २९० ने उचलला गेला. भाजक २५० घ्याल तर हस्तांतरण फुगलेलं दिसेल. दोन्ही भाजकांनी काढा, दोन्ही तक्त्यात द्या, आणि चढाची सुरुवात मे ऐवजी एप्रिल २०२२ का धरली ते सांगा.

शीर्षक असं ठेवा : ‘भारतातील धोरण दराचे कर्जदरांकडे हस्तांतरण : २०१९–२० ची कपात आणि २०२२–२३ ची वाढ यांची तुलना’. पहिले दोन आठवडे आकडे आणि आलेख, तिसरा-चौथा तक्ते, पुढचे तीन लेखन, शेवटचा संदर्भ आणि टंकलेखन. एक्सेलमध्ये उतरवलेल्या तारखा बऱ्याचदा मजकूर म्हणून येतात आणि आलेखात महिने उलटसुलट लागतात, ते पहिल्याच दिवशी तपासा. मार्गदर्शकांकडे विषयबदलाचा अर्ज घेऊन जाल तेव्हा सोबत ७२ ओळींचा तक्ता आणि एक आलेख न्या. रिकाम्या हाताने गेलात तर ‘आता कुठे बदलता’ हेच ऐकायला मिळेल.